पेशंटचा दुसरा अर्थ

मित्रांनो, मी इंग्रजी-मराठीचा एक जुना, तळहाताएवढा शब्दकोश आहे. माझ्या पाठीची शिवण उसवली आहे आणि शेवटची पाने कधीच गळून गेली. त्याचे मला दुःख नाही. मनाला टोचते ते दुसरेच.

छापखान्यात माझी जुळणी चालली होती, तेव्हा मालक म्हणाले, "खिशात मावला तरच खपेल. उदाहरणाची वाक्यं काढा. एका शब्दाला एकच अर्थ पुरे."

अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार कुरकुरला, "मालक, नवऱ्या मुलाचं नाव सांगायचं आणि गाव लपवायचं, असं होईल हे."

पण कात्री चालली. खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. दुकानात माझे जाडजूड भाऊबंद फळीवर धूळ खात बसत. गिऱ्हाईक मला उचलून म्हणे, "हा सुटसुटीत आहे." मी फुगून जायचो.

रद्दीतून फिरत फिरत मी एका इस्त्रीवाल्या बाईंकडे आलो. चाळिशी उलटल्यावर त्या अक्षरे शिकल्या होत्या. मला टेबलाच्या कडेला उघडा ठेवून रोज एक शब्द घ्यायच्या. कॉलरवर इस्त्री फिरवताना वाचायचा, बाह्या होईपर्यंत घोकायचा, घडी घालताना न बघता म्हणायचा. चुकला तर शर्ट नवा, शब्द तोच.

सून हसायची. "आई, गिऱ्हाइकांचे शर्ट इंग्रजी बोलायला लागतील."

"बोलू देत. सुरकुत्या तरी इंग्रजीत पडतील."

वीस वर्षे उभे राहून त्यांचे पाय सुजू लागले. जवळच्या पाळणाघरात मुले सांभाळायला बाई हवी होती. बरेचसे काम बसून करायचे. अर्ज इंग्रजीत होता. नाव, वय त्यांनी स्वतः भरले. मग प्रश्न आला : आर यू पेशंट विथ चिल्ड्रन?

पेशंट हा शब्द तर घराघरातला. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी मला उघडले. मी ठामपणे सांगितले : रोगी.

"बरोबरच आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "आजारी बाईला लेकरांत कोण घेईल?" आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिले : नो. नेव्हर.

आठवडाभर निरोप आला नाही. त्या विचारायला गेल्या. परतल्या त्या चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या.

"पेशंट म्हणजे धीर धरणारा, असाही अर्थ आहे म्हणे. मुलांशी धीरानं वागता का, असं विचारलं होतं त्यांनी. मी लिहून आले, नाही, कधीच नाही."

"मग समजावून सांगितलंत ना?"

"सांगितलं. तिथल्या बाई हसल्या, मग हळहळल्या. पण जागा कालच भरली."

सून माझ्यावर घसरली. "फेका तो शब्दकोश. अर्धं शिकवणारा मास्तर काय कामाचा?"

"त्याला कशाला बोलतेस? त्याच्यापाशी होतं तेवढं दिलं त्यानं. मीच पुढं विचारलं नाही."

मित्रांनो, शिवी मला पचली असती. हे पचले नाही. एका शब्दासाठी सात-सात शर्ट घोकणाऱ्या बाईंना 'धीर' एवढा साधा शब्दही मी दिला नव्हता, आणि वर मिरवत होतो की मी सडपातळ आहे.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा टेबलाशी उभ्या राहिल्या. इस्त्री तापेपर्यंत पेन्सिल घेऊन माझ्या समासात त्यांनी लिहिले, 'धीर धरणारा.' त्याखाली स्वतःचे वाक्य : 'आयर्न इज कोल्ड. आय अ‍ॅम पेशंट.' माझ्या सबंध अंगावर तेवढे एकच उदाहरण आहे, आणि तेही उशिरा आलेले.

म्हणून विनवतो, नवा शब्द भेटला तर एका अर्थावरच थांबू नका. तो वाक्यात कसा वागतो ते बघा, स्वतःचे एक वाक्य करा. जाड पुस्तकाला नाक मुरडू नका. आणि ज्याला अर्धेच ठाऊक आहे त्याने माझ्यासारखे ठामपणे बोलू नये. एवढे तुम्ही ऐकलेत तर माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल. त्यांच्या पायांची सूज मात्र त्याने उतरणार नाही.