डोळ्यांची जागा

भाग्यश्रीने पेन टॅबवर, संगणकाला जोडलेल्या चित्र काढायच्या पाटीवर, पतंगाचा पातळ कागद पसरला, चारी कडा चिकटपट्टीने दाबल्या आणि पेन्सिल आडवी धरून कागद घासायला सुरुवात केली. नाण्यावर कागद ठेवून मुलं छाप काढतात, तशी. दुपारचे दोन वाजले होते. स्टुडिओचे मालक कुंदनदादा जेवायला घरी गेले होते आणि छताचा पंखा सोडला तर कशाचाच आवाज नव्हता.

आधी कागद नुसताच काळा होत गेला. मग मधोमध, दोन बोटांच्या अंतराने, दोन ठिकाणी पांढऱ्या बारीक रेघा उमटू लागल्या. पेन फिरून फिरून टॅबवर चरे पडले होते, तिथे पेन्सिल लागत नव्हती. भाग्यश्री घासत गेली. रेघा वाढल्या, वळल्या, एकमेकींना मिळाल्या. नाक नाही, तोंड नाही. नुसते दोन डोळे. त्यांतल्या एकाची वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात किंचित खाली उतरलेली होती.

तिने पेन्सिल खाली ठेवली. ती पापणी तिच्या चांगल्या ओळखीची होती. गेले चार महिने ती स्वतःच तिला रोज काढत आली होती, आणि आपल्या हाताची ही लकब असावी असं समजत होती.

स्टुडिओ रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो वगैरे सगळं होतंच, पण खरा धंदा गेलेल्या माणसांचा. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो लागतो, आणि माणूस गेल्यावरच घरच्यांच्या लक्षात येतं की त्याचा एकही धड फोटो नाही. मग कुणी आधार कार्ड घेऊन येतं, कुणी मोबाइलमधला वरातीतला कोपरा. भाग्यश्री त्यातून माणूस वेगळा काढायची, त्याला कपडे चढवायची, मागे निळं आभाळ सोडायची. संगणकातला एकच काळा कोट जिल्ह्यातल्या किती आजोबांनी मेल्यावर घातला असेल, ते त्या कोटालाच ठाऊक.

खरी गोची डोळ्यांची. एवढासा फोटो फ्रेमएवढा केला की सगळ्यात आधी डोळे विरघळतात. माऊसने डोळा काढता येत नाही. साबणाच्या वडीने सही करण्यातला प्रकार तो. म्हणून तिने 'डोळे' नावाचं एक फोल्डर करून ठेवलं होतं. त्यात वीस-पंचवीस जोड्या होत्या. चेहऱ्याला जी जोडी बसेल ती उचलायची आणि चिकटवायची. एका निवृत्त तलाठ्याचे डोळे कुणालाही शोभायचे, आणि तलाठी मात्र अजून धडधाकट होता, रोज गोदाकाठी फिरायला यायचा. लोक फोटो बघून छान आलाय म्हणायचे, पण मग थोडा वेळ गप्प राहायचे.

चौदा वर्षं असं चाललं. मग मनगटातली नस दबली. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, कप धरवेना. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि माऊस सोडा, नाहीतर हात सोडा, असं सरळ सांगून टाकलं. भाग्यश्रीला दुसरं काही येत नव्हतं. हात गेला तर ही खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली तर घरात कमावणारं कुणी नव्हतं. त्या दिवसांत ती फार घाबरली होती. पेन टॅबने मनगटावर ताण येत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. कुंदनदादा म्हणाले, आपण काय चित्रकार आहोत का.

त्याच आठवड्यात, दिवाळी नुकतीच झाली होती, चंद्रभागामावशी कापडी पिशवीत एक टॅब घेऊन आल्या. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा होता. फ्रेमला लागणारे हार त्याच ओवून आणून द्यायच्या, त्यामुळे दुकानाला घरच्याच. त्यांचा मुलगा ज्ञानेश घरी बसून लग्नांच्या अल्बमचं काम करायचा. मागच्या मार्चमध्ये तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेला. वस्तू घरात बघवत नाही, तुझ्या हाताला उपयोग होईल, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पहिला आठवडा भाग्यश्रीला रडू आलं. हात टॅबवर आणि नजर पडद्यावर, हे जमेना. माऊस कसाही उचलून कुठेही ठेवावा, त्याला जागेची आठवण नसते. पेनाचं तसं नाही. टॅबवरच्या प्रत्येक ठिपक्याला पडद्यावरची एकच जागा नेमून दिलेली असते. एकदा ते अंगात भिनलं आणि मग हात सुटला. दोन्ही डोळे पडद्याच्या मधोमध मोठे करून घ्यायचे, पेन टेकवायचा, की पेन जणू स्वतःच वळायचा. दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. मनगट दुखायचं थांबलं. कुंदनदादांनी एवढ्यात 'डोळे' फोल्डर उघडलंस का, असं विचारलं तेव्हा तिला आठवलं की महिनाभर ते उघडलंच नव्हतं.

आणि लोक आता गप्प राहत नव्हते. 'बघतायत' म्हणायचे. आडगावच्या एका सुनेने सासूची फ्रेम हातात घेतली आणि पदरात गुंडाळूनच रिक्षात बसली. निफाडचे मल्हारी शिंदे तर फोटो नेऊन पंधरा दिवसांनी परत आले. तक्रार नव्हती, बदलून नको होता. बराच वेळ बाकावर बसले आणि मग म्हणाले,

"ताई, फोटो चांगलाच झालाय. पण आमचे दादा असे कधी बघत नव्हते. हे कुणावर तरी लक्ष ठेवून असल्यासारखे बघतात."

ते गेल्यावर भाग्यश्रीने चार महिन्यांतले फोटो पडद्यावर ओळीने लावले होते. म्हातारे, बायका, एक शाळेतली मुलगी. सगळ्यांची एक पापणी कोपऱ्यात उतरलेली. म्हणून आज हा पतंगाचा कागद.

पायरीवर चप्पल घासल्याचा आवाज आला. भाग्यश्रीने कागद ओढून काढला आणि कीबोर्डखाली सरकवला.

चंद्रभागामावशी दारात उभ्या होत्या. एका हातात हारांची टोपली, दुसरा हात चौकटीवर. पायाने पायरी चाचपून त्या आत आल्या आणि काउंटरची कड सापडेपर्यंत हात पुढे धरून चालल्या. टोपलीतले हार बघून भाग्यश्रीला वाईट वाटलं. झेंडूची फुलं कुठे देठातून ओवलेली, कुठे पाकळ्यांतून. असं काम या बाईंच्या हातून कधी होत नसे.

"मावशी, दिसत नाही का नीट?"

"दिवाळीपासून धुकं धरल्यावानी झालंय बघ. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणे मोतीबिंदू नाय, काचबिंदू नाय, डोळ्यात काहीच नाय. पण पायरी पायरीनं कमी होत चाललंय. सुई आता शेजारच्या सृष्टीकडून ओवून घेते."

त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. कुठल्यातरी लग्नातला होता. ज्ञानेश खदखदून हसत होता आणि हसण्यात त्याचे डोळे मिटले होते. सगळ्या गावाचे फोटो सजवणाऱ्या पोराचा हा एवढाच फोटो घरात निघाला होता. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. दिसतंय तोवर डोळे उघडलेला ज्ञानेश एकदा बघून घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

बोलता बोलता त्या काउंटरवरून पुढे वाकल्या, आणि खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर पडला. भाग्यश्रीने इतक्या वर्षांत त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. डाव्या डोळ्याची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात खाली उतरली होती.

भाग्यश्रीने कीबोर्डखालचा कागद आणखी आत सारला. ज्ञानेश या टॅबवर कुणाचे फोटो करायचा, असं तिने विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"लोकांचे करायचा. अन् एक माझा." मावशी बाकावर टेकल्या. "मीच म्हटलं व्हतं, मी हाय तोवर माझा फोटो करून ठेव. मेल्यावर आधार कार्डाचा लावशील. सगळा केला त्यानं, पदर, नथ, समदं. डोळेच तेवढे पुरे करंना. मी समोर हार ओवीत बसायची, तो रोज काढायचा अन् रोज पुसायचा. म्हणायचा, आई, डोळे पुरे झाले का तू सुई चुकती, पुसले का बरोबर ओवती. मी म्हणायची, येडा हायस."

त्या हसल्या. भाग्यश्रीला हसता आलं नाही. पुसलं ते पडद्यावरचं. टॅबवर त्याचा हात रोज तसाच उमटत राहिला होता, एकावर एक, आणि दिवाळीपासून तिचा पेन त्याच चऱ्यांतून घसरत होता. त्याने जे कधी पुरं होऊ दिलं नव्हतं, ते तिने साठ-पासष्ट वेळा पुरं केलं होतं, आणि एकदाही पुसलं नव्हतं. ते डोळे आता निफाडला होते, आडगावला होते, देवळाली कॅम्पात होते, भिंतीवर होते. त्यांतल्या कित्येक फ्रेमांना हारही याच बाईंच्या हातचे होते.

असं काही नसतं, हे तिने स्वतःला सांगून बघितलं. मग ड्रॉवरमधून जुना माऊस काढला, मनगटाला पट्टा बांधला आणि 'डोळे' फोल्डर उघडलं.

अर्धा तास लागला. बोटांना मुंग्या आल्या, दोनदा हात झटकावा लागला. तलाठ्याचे डोळे ज्ञानेशला बसवले, रंग जुळवला, हसऱ्या गालांवर ते बऱ्यापैकी शोभलेही. तिने मावशींना खुर्ची पुढे ओढून दिली. पडद्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन त्यांनी बघितलं. वरून खाली, परत वर.

"हा कोणाचा?"

"ज्ञानेश, मावशी."

"नाय गं. डोळे कोणाचे लावलेस? त्याचे माझ्यावर गेले व्हते, समदे म्हणायचे." त्यांचा हात टेबलावर चाचपडत टॅबपर्यंत गेला आणि त्याच्या गुळगुळीत कडेवरून फिरला. "हा त्याचाच ना? ह्याच्यावर काढ की."

भाग्यश्री म्हणाली की आज हात दुखतोय, पुढच्या आठवड्यात करू, तोवर दुसऱ्या डॉक्टरांना डोळे दाखवून येऊ, ती स्वतः बरोबर येईल. आपण फार भराभर बोलतोय हे तिचं तिलाच कळत होतं.

"पुढच्या आठवड्यात मला काय दिसतंय?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "एकदा बघितला का झालं. मग नाय दिसलं तरी चालंल."

ही बाई काय बोलतेय ते तिला ठाऊक नाही, आणि आपल्याला ठाऊक असून सांगता येत नाही, याचा भाग्यश्रीला राग आला. कसं सांगणार होती? तिने माऊस बाजूला सारला. तलाठ्याचे डोळे काढून टाकले. मिटलेल्या पापण्या मधोमध मोठ्या केल्या आणि पेन टेकवला.

चऱ्यांना टाळायचा तिने प्रयत्न केला. पेन केसभर बाजूला झाला आणि पुन्हा आपल्या जागी गेला. वरची रेघ आली, खालची आली, बुबुळ भरलं, त्यात उजेडाचा ठिपका पडला. साठ चेहऱ्यांवर जे उसनं वाटत होतं ते या चेहऱ्यावर अगदी घरचं वाटलं. उजवा डोळा उघडला आणि ज्ञानेश अर्धा जागा झाला.

"हां," मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. "आला. हा माझा. दुसरा पण काढ, पोरी."

भाग्यश्रीने दुसरा काढला. उतरलेल्या पापणीची घडी शेवटी आली, एका दमात, तिने न काढताच आल्यासारखी. तिने पेन उचलला आणि फोटो लहान करून पडदाभर आणला. ज्ञानेश हसत होता आणि आईकडे बघत होता.

मावशी पडद्यासमोर तशाच बसून राहिल्या, मान थोडी तिरकी करून. वर पंखा फिरत होता. ट्यूबलाइटचा पांढरा उजेड त्यांच्या कपाळावर पडला होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "लाईट गेली का गं?"

भाग्यश्रीचा डावा हात कीबोर्डवर गेला. कंट्रोल आणि झेड, शेवटचं काढलेलं पुसून टाकणाऱ्या कळा. दोन्ही बोटं आपापल्या जागी बसली. या टेबलावर ज्ञानेशने कधी काम केलं नव्हतं, तरी त्याची बोटंही रोज याच दोन कळांवर येत असणार.

"हो मावशी. येईल आत्ता."

"येऊ दे. मी बसते." मावशींनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर जुळवून ठेवले. "त्याला नीट बघूनच जाईन."