फाटकावरचा किल्ला

आमचं घर लांबून पाहिलं की वाटे, आत निदान शंभर शिपाई असतील. जमीनदाराच्या आजोबांना किल्ल्याची भारी हौस. बायकोनं त्यांच्या आतल्या मोठ्या घराला हात लावू दिला नाही, म्हणून त्यांनी ती फाटकावर भागवली. मधे कमान, दोन बाजूंना दोन गोल बुरूज, बुरुजांना बाण मारायच्या फटी. एका बुरुजात आमची चूल, दुसऱ्यात बिछाने. मधल्या रस्त्यानं मालकांची गाडी जायची. फाटक उघडायला मी आणि आई.

नेलीचं आणि माझं जमलं होतं. पण मुलीकडच्यांनी घर पाहून हो म्हटल्याशिवाय आमच्याकडे लग्न ठरत नाही. त्यात बुधवारपासून ईस्टरच्या आधीचे उपास लागणार. तेव्हा लग्नं बंद. आज नकार आला तर नेली बोस्टनला बहिणीकडे निघून जाणार होती.

पाहायला आली तिची पेग मावशी. सोबत नेली.

मावशीनं मान वर करून बुरूज पाहिला. "तीन मजले! वर काय असतं रे डिनी?"

"कावळे."

"आणि जिना?"

"जिना नाही, मावशी."

"मग वर जाता कसे?"

"वर काही नाहीच. नुसती भिंत उंच नेलीय."

मावशी आत आली. गोल भिंतीला आमचं कपाट कधी टेकलं नाही. मागच्या जागेत कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती मावशीवर खेकसली.

"वा, राजेसाहेब! पहारेकरीसुद्धा ठेवलाय," मावशी म्हणाली.

आईनं घाईघाईनं चहा ओतला, पावाला लोणी लावलं. तेवढ्यात चुलीचा धूर बाणांच्या फटींतून घरात परत आला. धुराडं दिसू नये म्हणून जमीनदाराच्या आजोबांनी ते बुरुजात लपवलं होतं. सगळे खोकत बाहेर आलो, तर पाऊस. कमानीखाली उभे राहिलो.

"हे घर नव्हे, डिनी," मावशी डोळे पुसत म्हणाली. "हे अर्धं इकडे, अर्धं तिकडे. चल गं, नेली."

नेली जागची हलली नाही. तिनं आईला विचारलं, "काकू, आतून ह्या बुरुजातून त्या बुरुजात जाता येतं?"



"नाही गं बाई," आई म्हणाली. "रस्ता ओलांडूनच जावं लागतं. पावसात भिजत."

"त्या बाजूलाही चूल मांडता येईल?"

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मावशीकडे. मग ती आणि नेली एकदमच हसल्या.

"मांड की," आई म्हणाली. "तुझी तिकडे, माझी इकडे. आणि येताना दार वाजवून येत जा. मीही वाजवीन."

मावशीनं दोन्ही दारांमधलं अंतर नजरेनं मोजलं. तिची स्वतःची सून तिच्याच चुलीपाशी बसायची, आणि दोघींचं रोज वाजायचं.

"मंगळवारीच उरकून टाका," ती म्हणाली.