राणीचं वजन

सेनगावजवळच्या गोरेगावात डॉ. विश्वजीत यांच्या दवाखान्यात संध्या रुग्णांच्या नोंदी करायची. वर्षभरापूर्वीच लागली होती. सरकारची योजना आल्यापासून काम वाढलं होतं. कागद बंद करून सुरक्षित संगणकीय नोंदी ठेवायच्या, प्रत्येक नोंद रुग्णाच्या नावानं उघडलेल्या आरोग्य खात्याला जोडायची. ठरलेल्या आकड्यापुढच्या नोंदींमागे दवाखान्याला रक्कम मिळणार होती. मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा सत्तर नोंदी कमी पडत होत्या.

"जुन्या शिबिरात ज्यांची खाती काढली अन् पुढं आलेच नाहीत, त्यांची साधी तपासणी टाक," डॉक्टर म्हणाले. "वजन, बीपी. कुणाचं काय बिघडतंय त्यानं?"

संध्यानं मनाला येतील ते आकडे टाकले. नोंद जोडली की खात्याला दिलेल्या मोबाईलवर मेसेज जातो, हे तिला ठाऊक होतं. तेवढा विचार मात्र तिनं केला नाही.

दोन दिवसांनी ती कुलूप काढायला आली, तर पायरीवर एक बाई बसलेली. पद्माबाई, शेजारच्या खेड्यातली, मजुरी करणारी. मोबाईल पदरात गुंडाळून धरला होता.

"माय, राणी आली व्हती का हितं?"

"कोण राणी, मावशी?"

"माझी पोरगी. मेसेज आला, अंगणवाडीच्या बाईनं वाचून दाखवला. परवा हितं तपासणी झाली म्हनं तिची."

संध्यानं संगणक चालू केला. नाव सापडलं. "व्हय, आहे की नोंद," ती सवयीनं बोलून गेली.

पद्माबाई बाकावर टेकल्या. त्यांनी विचारलं, "वजन किती भरलं?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हंजी अंगानं भरली. जाताना पस्तीस व्हती."

संध्यानं वळून पाहिलं. "जाताना म्हणजे?"

"दोन वर्सं झाली. क्षय व्हता. नांदेडला नेली, तिथंच गेली. मातीला मीच व्हते ना माय, मला का कळत न्हाई? पन मेसेज आला अन् वाटलं, कुनीतरी पाह्यलं असंल तिला."

संध्यानं सगळं खरं सांगून टाकलं. आकडा कमी पडत होता, नोंद खोटी आहे, वजन आपणच लिहिलं. पद्माबाईंनी शांतपणे ऐकलं.

"मंग तिला अजून धाप लागून राहिली का न्हाई, ते तुला ठावं न्हाई."

"न्हाई, मावशी."

डॉक्टर आले तेव्हा बाई अजून बाकावरच होत्या. त्यांना पाहताच ते थबकले. राणीला शिबिरात त्यांनीच तपासलं होतं. आत जाऊन त्यांनी कपाटातून जुना कागद काढला. पस्तीस, त्यांच्याच अक्षरात. कागद त्यांनी संगणकाशेजारी ठेवला.

"सगळ्या काढून टाक," ते म्हणाले. "रक्कम नको आपल्याला. चूक झाली म्हणून वर मी कळवतो."

"बाकीच्या काढा," दारातून पद्माबाई म्हणाल्या. "तिची राहू द्या."

त्या निघून गेल्यावर संध्यानं राणीची नोंद सगळ्यात शेवटी काढली. मग एकेका घरी फोन लावून माफी मागितली. आणखी तीन माणसं वारलेली निघाली. त्यांतल्या एकीच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता ती पुन्हा येनार न्हाई?" त्यानंतर दारात कुणाची चाहूल लागली की ती आधी चेहरा बघायची, मगच नाव विचारायची.

आठवड्यानं पद्माबाई बाजाराला आल्या, तेव्हा दवाखान्यात डोकावल्या. हातात तोच मोबाईल. वर नवा मेसेज होता, नोंद रद्द झाल्याचा. अंगणवाडीच्या बाईकडून त्यांनी वरचं राणीचं नाव तेवढं वाचून घेतलं होतं, मेसेज उघडलाच नव्हता.

"वाचू का, मावशी?"

"नको," त्या म्हणाल्या. "तिच्या नावाचा आलाय, तेवढं पुरं."

आणि सेनगावच्या जीपला हात करत त्या रस्ता ओलांडून गेल्या.