उघडं फाटक

"आधी ते फाटक लाव, मग माझं मत माग!" अल्फ टूमी चित्रासमोर उभा राहून ओरडला. "माझ्या मेंढ्या शेजाऱ्याच्या रानात जातील."

"चित्रात तुझ्या मेंढ्या नाहीत, अल्फ," मी म्हणालो.

"म्हणजे गेल्याच ना!"

अख्खा हॉल हसला. ऑस्ट्रेलियाच्या पार पोटात, तांबड्या मातीत आमचं गाव, विलगारा. तिथल्या वार्षिक चित्रस्पर्धेचा मी चिटणीस. नियम सोपा. आवडत्या चित्राखालच्या डब्यात बिअरच्या बाटलीचं झाकण टाकायचं. ज्याची झाकणं जास्त, ते चित्र हॉलच्या भिंतीवर कायमचं.

नोंद क्रमांक एकोणीस, डल्सी प्रॅट. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना हिनं चाळीस वर्षं रांधून घातलं. ब्रश हातात धरला तो नवरा, लेस, गेल्यावर. "घरी लाव की, भिंती कमी आहेत का?" मी विचारलं होतं. "भिंती चिक्कार आहेत रे. बघणारं कोणी नाही."

चित्रात करडी झुडपं, दूरवर पवनचक्की, मधोमध तारेचं फाटक सताड उघडं, आणि पलीकडे थांबलेली लेसची गाडी. आमच्याकडे माणूस एकवेळ चर्च चुकवेल, फाटक उघडं टाकणार नाही. दुपारपर्यंत डल्सीच्या डब्यात तीन झाकणं. त्यांतलं एक माझं.

"बंद करून टाकतेस का? दोन फटकारे," मी हळूच म्हणालो.

"मुळीच नाही." ती अल्फकडे वळली. "काय रे, फाटकापाशी गाडीतून कोण उतरतं?"

"शेजारी बसलेला. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मग बघ, शेजारी कोण बसलंय?"

अल्फनं चष्मा चढवला, नाक टेकेस्तोवर वाकला. एका खिडकीतून लेसचं कोपर बाहेर. शेजारची जागा रिकामी, दार उघडं.

"फाटकाशी मी उभी आहे," डल्सी म्हणाली. "लावते की. घाई काय? तो थांबलाय."

मग अल्फ खाकरला. "लेस आणि हॉर्न न वाजवता थांबलाय?"

"वाजवतोय ना मेला! तेवढं रंगवता नाही आलं."

हॉल पुन्हा दणाणला. अल्फ खिसे चाचपत डब्याकडे गेला.

संध्याकाळी तिची झाकणं मोजली: एकसष्ट. गावात मतदार अठ्ठावन्न. पुन्हा मोजली, आणि वहीत एकसष्टच लिहिली. भिंतीत खिळा अल्फनंच ठोकला.

निघताना डल्सीनं हॉलच्या मैदानाच्या फाटकाशी गाडी थांबवली, उतरायला दार उघडलं. तर अल्फ फाटक धरून उभा.

"बस आत. चालवणारानं उतरायचं नसतं."

ती गाडी पलीकडे घेऊन गेली, आमच्याकडच्या रिवाजानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम केला. अल्फनं फाटक लावलं, साखळी अडकवली आणि दोनदा ओढून पाहिली.