उदाहरणाची ओळ

सुनेने तपासायच्या मुद्रितांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि स्वल्पविरामासकट वाचायला सुरुवात केली. समोर सासूबाई हस्तलिखितावर बोट ठेवून ताडून पाहत होत्या. इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात त्यांची तीस वर्षं गेली होती. कार्यालयातली वाचणारी आजारी पडली आणि पानं तर उद्या सकाळी छापखान्यात जायची, म्हणून आज सुनेला बसवलं. त्या निमित्ताने चार शब्द होतील, अशी वेडी आशाही होती. मुलगा वेगळं राहायला जागा बघून आला होता आणि हो-नाही बायकोवर सोपवून मोकळा झाला होता.

“फारूश. विशेषण. क्वचित वापर. तुसडा, फटकून वागणारा,” सून वाचत होती. “उदाहरण. नवी सून इतकी तुसडी, स्वल्पविराम, की तीन महिन्यांत सासूशी धड बोलली नाही. पूर्णविराम.”

सासूबाईंचं बोट जागच्या जागी थिजलं. उदाहरण रोजच्या जगण्यातलं हवं, हा दंडक त्यांचाच. मुलाच्या लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा रागाच्या भरात ओळ लिहिली, आणि वर्षभरात पार विसरून गेल्या.

“ती ओळ काढून टाकू.”

“मग खालचं सगळं वर सरकेल. मघाशी तुम्हीच म्हणालात.”

“तेवढ्याच लांबीची दुसरी घालू. थांब, सुचेल.”

सुचेना. शब्दांत जन्म गेलेल्या बाईला साधी एक ओळ जमेना.

“सासू आणि सून, जागा बदला,” सून पानावरून नजर न काढता म्हणाली. “ओळ तेवढीच राहील.”

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. सासूबाईंनी पेन्सिल उचलली. दूध तापवलंस का, कडी लावलीस का, यापलीकडे वर्षभरात आपण हिला काय विचारलं, ते त्यांना आठवेना.

“आणि ‘नवी’? ते खोडू ना?”

“राहू दे, आई. तुम्हीही नव्याच होतात.”

त्यांनी दुरुस्ती केली. समासात सही केली.

“माहेरी कुणाशी बोलायचीस गं तू?”

पुढचा शब्द वाचायला सुनेने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं आणि गठ्ठा बाजूला ठेवला.

“सांगते,” ती म्हणाली. “जरा वेळ लागेल मला.”