तिवशात वाजलेली ढोलकी

अब्दुल गफ्फार अकोल्यात ढोलक्या बनवतात. तिवशाच्या पार्वताबाई त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या भजनी मंडळाला नवी ढोलकी हवी असली की त्या स्वतः दुकानात यायच्या, एकेका ढोलकीवर थाप मारायच्या आणि आवाज मनात भरला की मगच उठायच्या. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तशी बाईंनी फोन केला.

"गफ्फारभाऊ, मले काई येनं होत नाई. पण न आयकता ढोलकी घेनार बी नाई मी."

गफ्फारभाईंची मुलगी महेजबीन अमरावतीत कॉम्प्युटर शिकते. सुट्टीला घरी आली होती. ढोलक्यांचे आवाज व्हॉट्सॲपवर पाठवून काम भागलं असतं, पण दुकानाची स्वतःची वेबसाइट असावी हे तिच्या डोक्यात कधीपासूनचं होतं. आता निमित्त मिळालं. तिने वडिलांना ढोलक्या वाजवायला लावल्या, एकेकीचा आवाज रेकॉर्ड केला आणि एका कंपनीचा छोटासा सर्व्हर भाड्याने घेतला.

"सर्व्हर म्हंजे?" गफ्फारभाईंनी विचारलं.

"दूर कोठीतरी चालू असलेला कॉम्प्युटर, अब्बा. कोनी आपल्या दुकानाचं पान मागितलं, की तो काढून देते."

"आनि त्याले कसं समजते, कोनतं पान?"

"ते मी लिहून देऊन राहिली ना."

खरंच, तेच चाललं होतं. साइटचं नाव काय, पानं कोणत्या फोल्डरमध्ये, पहिलं पान कोणतं, मागणी कुठे ऐकायची, या सेटिंग्ज तिने आधी आपल्या लॅपटॉपवर जमवल्या होत्या. तीच फाइल तिने सर्व्हरवर चढवली आणि तो चालू केला. सर्व्हरच्या आतूनच तपासून पाहिलं, तर पान हजर. आनंदाने तिने फोनवर पत्ता टाकला. काहीच उघडेना.

तिने नाव तपासलं. फोल्डर तपासलं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फोनवरचं चाक नुसतं फिरत राहिलं.

"चहा घे," अब्बा म्हणाले.

"थांबा ना, अब्बा!"

चहा गार झाला. महेजबीन फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. लॅपटॉपवर करून पाहताना तिने सर्व्हरला सांगितलं होतं, फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरवरून आलेली मागणी ऐक. ती ओळ तशीच इथे आली होती. बिचारा सर्व्हर हुकूम पाळत होता. बाहेरच्या कुणाचं ऐकतच नव्हता.

ती खो खो हसत सुटली. "अब्बा, मीच त्याले सांगितलं होतं, दुसऱ्या कोनाचं आयकू नको म्हनून!"

ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा चालू केला. फोनवर दुकानाचा फोटो झळकला. गफ्फारभाई चष्मा सावरत वाकले.

"हे काय लिवलं? मुंग्या चालल्यावानी?"

मराठी अक्षरांचा नुसता चुरा झाला होता. यावर मात्र महेजबीन गडबडली नाही. अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, हे सर्व्हरने ब्राउझरला सांगायला हवं होतं. एक ओळ वाढवली आणि पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'अब्दुल गफ्फार, ढोलकीवाले, अकोला.'

गफ्फारभाई ते नाव बघतच राहिले. मग दुकानाच्या दारात जाऊन त्यांनी समोरच्या फळवाल्या कुंदनला हाक मारली. "इकडे ये, काहीतरी दाखवतो!"

महेजबीनने तिवशाला पत्ता पाठवला. पाचेक मिनिटांत पार्वताबाईंचा फोन आला. मागे बायकांचा गलका चालू होता. त्यांच्या सुनेने, रागिणीने, आपला फोन स्पीकरच्या डब्याला जोडला होता.

"भाऊ, पयली लय घुमते. भजनाले चालते, पण आमच्या चंदाच्या आवाजाले जड होते. थांबा, तिसरी लावतो."

तिसरी ढोलकी तिवशात वाजू लागली. आधी एकीने टाळी धरली, मग दुसरीने. टाळ कुणीतरी शोधून आणले. चंदाने गौळण उचलली आणि बाकीच्यांनी तिच्या मागे सूर लावला. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा गौळण ऐन रंगात आली होती. "पुन्हा लाव, पुन्हा लाव!" असा एकच ओरडा झाला.

अकोल्यात फोन स्पीकरवर लावला होता आणि कुंदन दारातच टाळ्या वाजवत होता. गफ्फारभाई डोळे मिटून मान डोलावत होते.

"हेच पायजे, भाऊ," धापा टाकत पार्वताबाई म्हणाल्या. "हिले दुसऱ्या कोनाले देऊ नका. आनि पोरीले सांगा, आमी इकडे नाचून राहिलो!"

"बाई, गुडघा!" गफ्फारभाई ओरडले.

"मी खुर्चीत बसूनच नाचतो बाप्पा!"