तीनशे दोनमधले पाहुणे

मावशीच्या हाताखाली नेमकं काय होतं, तर दोनशे चाळीस चादरी, तेवढेच अभ्रे, मुलींच्या मजल्यांच्या किल्ल्या आणि सतत रुसणारं एक कपडे धुण्याचं मशीन. पण लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असताना होणाऱ्या व्याह्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मावशीच्या तोंडून निघून गेलं, "क्रीडा संकुलात खेळाडूंचं निवास आहे ना, त्याची मॅनेजर. सगळी इमारत माझ्याच हाताखाली." तोंडातून गेलेला शब्द परत कसा घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत तिनं दोन वर्षं रेटली. व्याही परगावचे. बघायला येतंय कोण?

आले की! विहीणबाईंचे डोळे दाखवायचे होते, आणि डॉक्टर नेमका इथला. "दोन रात्री तुमच्याकडेच उतरतो," असा व्याह्यांचा फोन आला. तिची स्वतःची खोली जिन्याखाली, पाणी तापवायच्या टाकीला लागून. एक खाट, एक खुर्ची, आणि भिंतीतून अष्टौप्रहर गुरगुर.

वर मात्र थाट होता. इमारत बांधतानाच खेळाडूंच्या मापानं बांधलेली. पलंग नेहमीपेक्षा हातभर लांब, दारं रुंद, उंबरे नाहीत, न्हाणीघरात दुखऱ्या पायाच्या माणसाला धरायला भिंतीत दांड्या. तिसऱ्या मजल्यावर तीनशे दोनमध्ये उंच उडीवाली राहायची. सगळ्या तिला जिराफ म्हणायच्या आणि ती त्या हाकेला हसून ओ द्यायची. मावशीनं आडून आडून विषय काढला, तर पोरगी म्हणाली, "अगं मावशी, विचारतेस काय! तुझी माणसं ती माझी माणसं. मी तीनशे सहामध्ये झोपते, तिथली रजेवर गेलीय." पलंगावरची चादरही तिनंच बदलली. रजिस्टरमध्ये मावशीनं यातलं काही लिहिलं नाही.

व्याही पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "हा पलंग आहे की पटांगण?" मावशी आनंदानं फुगली.

आता एक नियम सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मोठ्या खेळाडूनं रोजचा एक तास लेखी कळवायचा आणि त्या तासाला दिलेल्या जागी सापडायचं. उत्तेजक औषधांची तपासणी करणारे न सांगता येतात आणि लघवीचा नमुना घेऊन जातात. वर्षात तीनदा माणूस सापडलं नाही, तर दोन वर्षं खेळ बंद. जिराफ दोनदा चुकली होती. एकदा बहिणीच्या लग्नाला गेली आणि कळवायला विसरली, एकदा बस वाटेत बंद पडली. तिचा तास सकाळी सहा ते सात. फोन तर रात्रीच खालच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये जमा करायचे, असा निवासाचे प्रमुख असलेल्या सरांचा दंडक. म्हणून रोज पावणेसहाला मावशीच तिचं दार वाजवायची. त्या दिवशी मावशी विहीणबाईंच्या अंघोळीच्या तयारीत होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी तपासणीवाली बाई निळी पेटी घेऊन वर आली आणि तिनं तीनशे दोनचं दार वाजवलं. दार उघडलं विहीणबाईंनी, ओले केस टॉवेलात गुंडाळून. मावशी चहाचा ट्रे घेऊन मागून येत होती.

"इथली खेळाडू कुठे आहे?"

"खेळाडू? इथे आम्ही उतरलोय," विहीणबाई म्हणाल्या. "या काय मॅनेजरबाई, यांनाच विचारा."

मावशीनं पेटी पाहिली आणि तिला सगळं कळलं. कळलं नव्हतं, असं ती पुढे कधीच म्हणाली नाही. दोन दारं पलीकडे पोरगी झोपली होती. एक हाक पुरली असती. पण हाक मारली की ही बाई विचारणार, पाहुणे इथे कुणी घातले, कुणाच्या परवानगीनं, आणि तुम्ही कसल्या मॅनेजर? तेही विहीणबाईंच्या देखत.

"ती नाहीये इथे," मावशी म्हणाली.

तपासणीवाली शांतपणे खाली जाऊन काउंटरसमोर बसली. तिला सातपर्यंत थांबावंच लागतं. म्हणजे मावशीकडे अजून पाऊण तास होता. काउंटरमागे बसून दर पाच मिनिटांनी ती मनाशी म्हणायची, आता उठते, आता सांगते. साडेसहाला वरून व्याह्यांनी हाक मारली, "अजून एक कप मिळेल का हो?" ती चहा घेऊन तीनशे सहाच्या दारावरून गेली आणि तशीच परत आली. सातला पाच कमी असताना त्या बाईनं पोरीचा नंबर लावला. फोन मावशीच्या हाताखालच्या ड्रॉवरमध्ये थरथरला. मावशीनं खुर्ची फरशीवरून करकरत ओढली, आणि तो थांबेपर्यंत ओढतच राहिली.

सातला बाई कागदावर सही करून निघून गेली. दहा मिनिटांनी जिराफ डोळे चोळत तीनशे दोनमध्ये आपले बूट न्यायला आली, आणि विहीणबाईंनी तिला कौतुकानं विचारलं, "केवढी गं तुझी उंची?"

आठवड्यानं तिसऱ्या चुकीची नोटीस आली. पोरगी ती घेऊन जिन्याखालच्या खोलीत आली आणि खाटेवर बसून ढसाढसा रडली. मग स्वतःच डोळे पुसून म्हणाली, "मावशी, तू त्यांना 'नाही' म्हणालीस ना, तुला वाटलं असणार मी पळायला गेले. पाहुण्यांच्या गडबडीत होतीस तू."

मावशीनं मान हलवली. हो म्हणून.

"मी लिहून देते, मलाच जाग आली नाही. खोलीचं कुणाला सांगू नकोस हं, तुझी नोकरी जाईल."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. दोन दिवस तिला घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी ती सरांच्या दारात उभी राहिली आणि तिनं ड्रॉवरपर्यंत सगळं सांगितलं. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "नुसत्या तुमच्या शब्दावर चौकशी समिती काय करणार? म्हणतील, पोरीला वाचवायला बाई खोटं बोलते. त्या सकाळी ती इमारतीतच होती, हे बाहेरच्या कुणी पाहिलं असेल, तर त्यांचं लेखी आणा."

बाहेरची माणसं दोनच होती.

लेकीच्या सासरी मावशी आजवर कधी रिकाम्या हातानं गेली नव्हती. त्या दिवशी तिच्या हातात फक्त कागद होता. लेक चहा घेऊन बाहेर आली आणि ऐकता ऐकता कप हातात धरून तशीच उभी राहिली. मावशीनं चादरी सांगितल्या, अभ्रे सांगितले, टाकीशेजारची खाट सांगितली, थरथरणारा फोन सांगितला. बोलताना तिची नजर फरशीवरून उठली नाही. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटत होतं.

"मॅनेजर नाही तुम्ही, ते आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं," विहीणबाई म्हणाल्या.

मावशीनं वर पाहिलं.

"आमचे हे प्यायचं पाणी आणायला खाली गेले, तेव्हा एक कारकून अभ्रे कमी भरले म्हणून तुम्हाला झापत होता. वर येऊन मला म्हणाले, विषय काढू नकोस. बाई एवढ्या हौसेनं करतायत, कशाला मन मोडायचं?"

"म्हणजे सकाळी... दारात तुम्ही मॅनेजरबाई म्हणालात..."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले."

जी लाज राखायला तिनं पोरीचा घास हिरावला, ती लाज आदल्या संध्याकाळीच गेली होती.

विहीणबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, की त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती उंच मुलगी झोपेतून उठून बूट न्यायला आली, हे मी स्वतः पाहिलं. खाली सही केली. व्याह्यांनीही केली. कागद मावशीच्या पुढे सरकवून विहीणबाईंनी विचारलं, "त्या पोरीला सांगितलंत?"

"नाही अजून."

"सांगा. कुणासाठी केलं म्हणून विचारेल ती. आमच्यासाठी केलं म्हणा. आणि आम्हाला ते नको होतं, हेही सांगा."

लेकीनं निवलेला चहा आईसमोर ठेवला आणि तिच्याकडे न बघता आत निघून गेली.